घरच्या टाकीत रंगीत गप्पी
डासांसाठी हौदात सोडतात तो गप्पी मासा आपल्या ओळखीचा आहे. त्याचेच रंगीत वाण शोभेसाठी विकले जाते. आपल्या हिंगोलीकडील विहिरीचे जड पाणी त्याला मानवते.

सिमेंटची टाकी नवी असल्यास आठ-दहा दिवस पाणी बदलत राहून चुना उतरू द्या. येथे घाई नडते. एका नरामागे ३ माद्या ठेवा. मादी साधारण ४ आठवड्यांनी जिवंत पिल्ले देते आणि स्वतःच ती गट्ट करते! म्हणून टाकीत पाणवनस्पती दाट हवी. नर-मादी ओळखू येताच वेगळे करा, नाहीतर वाण बिघडते. थंडीत रात्री टाकी झाका. दुसरी टाकी बांधण्यापूर्वी नांदेडच्या दुकानदारांकडे मागणी विचारा. उरलेले मासे मात्र कयाधूत सोडू नका. देशी माशांची पिल्ले ते खातात.