निर्दोष वाद्य आणि पुरेसे वाद्य

(जबल अली येथे आपल्या मराठीभाषक कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजचा विषय आपल्या तरुण मंडळींनी सुचविलेला आहे. वाद्य वाजविणाऱ्याने सर्वस्वी निर्दोष वाद्याचा शोध घेत राहावे, की पुरेसे चांगले वाद्य हाती येताच त्यावर समाधान मानून साधनेला लागावे? वरवर पाहता हा गिटार शिकणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांच्या खिशाचा प्रश्न दिसतो. परंतु आपल्यापुरता तो याहून मोठा आहे. मलिद्याच्या वेळी आपण म्हणतो ती एलियाहू हानाबीची गीते, आपल्या कीर्तनांतील साक्या, दिंड्या आणि पदे यांच्या अनेक चाली स्वरलिपीत उतरलेल्या नाहीत. त्या वडीलधाऱ्यांच्या कंठात आहेत. त्या शिकावयाच्या, तर साथीला एखादे वाद्य लागते; आणि 'चांगली पेटी मिळाली की सुरू करू' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. पेटी केव्हाही मिळेल. कंठ मात्र आपली वाट पाहत थांबणार नाही.

आपण राहतो त्या गावात हा प्रश्न अधिकच अवघड होतो. १९७९ साली खुल्या झालेल्या येथील बंदरात साऱ्या जगाचा माल उतरतो. पूर्वी गावातल्या दुकानात दोन पेट्या असत आणि त्यांतली एक घेऊन माणूस घरी येई. आज पडद्यावर शेकडो वाद्ये दिसतात, आणि प्रत्येकाहून किंचित सरस असे आणखी एक असतेच. निवड जितकी वाढते, तितका आरंभ लांबतो.

तेव्हा प्रथम हे पाहू की निर्दोष वाद्य मुळात असू शकते काय.

गिटारच्या मानेवरील पडदे आणि पेटीच्या पट्ट्या एकाच तडजोडीवर उभ्या आहेत. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे आणि कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता यावे अशी सोय करावयाची. या सोयीची किंमत स्वरांना मोजावी लागते. दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचे १०० भाग कल्पिले, तर पेटीवरील पंचम खऱ्या पंचमापेक्षा केवळ २ भागांनी उतरलेला असतो. तो कोणास खटकत नाही. परंतु शुद्ध गंधार सुमारे १४ भागांनी चढा असतो, आणि तंबोऱ्यासमोर बसून गळा घडविलेल्या गायकाला तो टोचतो. हा दोष कारागिराचा नव्हे, गणिताचा आहे. कितीही पैसे मोजले, तरी बारा समान पट्ट्यांच्या वाद्यातून तो जाणार नाही.

महाराष्ट्रात हा दोष घालविण्याचा प्रयत्न मोठ्या निष्ठेने झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले, आणि त्याच्या आधारे सनदी सेवेतील इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या विषयावर मोठा खल झाला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ देवलांच्या बाजूचे होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना तो सिद्धांत मान्य नव्हता. ती पेटी घरोघर पोहोचली नाही. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी हाच ध्यास घेऊन बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. अशा प्रयत्नांना वेड म्हणू नये. त्यांच्यामुळे आपल्याला स्वरांचे ज्ञान मिळाले, आणि साध्या पेटीत नेमके काय उणे आहे ते कळले.

दुसऱ्या टोकाची भूमिका आकाशवाणीने घेतली. पेटी हिंदुस्थानी संगीतास योग्य नाही, या मताने १९४० साली तिला केंद्रांवरून दूर करण्यात आले, आणि ही बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. या तीस वर्षांत संगीताच्या मैफलींत काय घडत होते? पेटी वाजतच होती. पुढे पंडित भीमसेन जोशी यांच्यासारख्या गवयाच्या साथीला पुरुषोत्तम वालावलकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर असे वादक बसत. या मंडळींना चौदा भागांचा फरक ऐकू येत नव्हता, असे कोण म्हणेल? त्यांना तो इतरांपेक्षा स्पष्ट ऐकू येत होता. म्हणूनच कोणत्या रागात कोणत्या पट्टीवर बोट रेंगाळू द्यावयाचे नाही, केव्हा भाता हलका करावयाचा आणि केव्हा गप्प राहून गायकाचा स्वर एकटा सोडावयाचा, हे त्यांना उमगले. वाद्याचा दोष त्यांनी नाकारला नाही. तो ओळखला, आणि कानाच्या बळावर त्याच्याशी संसार केला.

येथे कोणी विचारील, 'मग काहीही चालेल काय?' नाही. आणि या ठिकाणी आपल्याच परंपरेत एक फार उपयोगी वाद्य आहे. नव्याच्या सणाला आपण शोफार ऐकतो. शोफारविषयी मिश्ना आणि तालमूद यांनी जे नियम घालून दिले, ते वाद्याच्या निवडीचे नियम म्हणून वाचून पाहा. फुटलेल्या शोफारांचे तुकडे जोडून केलेला शोफार चालत नाही. चिरलेला शोफार चिकटवून घेतला, तरी तो चालत नाही. ओठ टेकतात त्या जागी सोन्याचा पत्रा मढविला, तर तो चालत नाही. बाहेरून मढविला आणि त्यामुळे मूळ आवाज पालटला, तरीही चालत नाही. येथे तडजोड नाही. परंतु आवाज जाड आहे, बारीक आहे की कोरडा आहे, यावर मात्र आक्षेप नाही; शोफारचे सारे आवाज ग्राह्य आहेत.

किती शहाणपणाची ही विभागणी आहे! एक रेषा आखली. तिच्या अलीकडे कठोरपणा, आणि तिच्या पलीकडे संपूर्ण मोकळीक. आपला घोटाळा होतो तो याच्या उलट वागण्याने. चिरलेल्या वाद्याकडे काणाडोळा करून आपण त्याच्या लाकडाच्या रंगावर, नावावर आणि नक्षीवर महिनोन्महिने वाद घालतो.

ही रेषा कोठे आखावी हे कळण्यासाठी वाद्यात महत्त्वाचे काय ते ठाऊक हवे. १८६२ साली स्पेनमधील थोर गिटारकार अंतोनियो दे तोरेस यांनी एक विलक्षण गिटार केली. तिच्या बाजू आणि पाठ पुठ्ठ्याच्या होत्या. केवळ वरची तबकडी उत्तम लाकडाची. आवाजाचा मुख्य भार त्या तबकडीवर आणि तिच्या आतल्या पट्ट्यांच्या मांडणीवर असतो, असे त्यांना दाखवून द्यावयाचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. गिटार घेताना पाठीला दुर्मीळ लाकूड नाही म्हणून हळहळणाऱ्याने तिची आठवण ठेवावी.

आणि नावाची मोहिनी? पॅरिसजवळ २०१२ साली झालेल्या एका प्रयोगात दहा नामांकित व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांना गडद चष्मे लावून त्यांच्या हाती बारा व्हायोलिने देण्यात आली. सहा जुनी इटालियन, त्यांत स्त्रादिवारीचीही होती. आणि सहा नवी. दौऱ्यावर स्वतःच्या वाद्याऐवजी कोणते घ्याल, असे विचारल्यावर दहापैकी सहा जणांनी नवे वाद्य निवडले. जुनी वाद्ये थोर नाहीत असा याचा अर्थ नव्हे. डोळ्यांनी वाचलेले नाव कानात शिरते, एवढाच याचा अर्थ. म्हणून वाद्य घेताना पाठ फिरवून बसावे, दुसऱ्याला वाजवू द्यावे, आणि मग ठरवावे.

आता सुधारणेच्या हव्यासाविषयी. तालमूदाच्या अराखीन या प्रकरणात आपल्या पवित्र मंदिरातील वाद्यांची हकिकत आहे. तेथे एक पावा होता. बोरूचा, गुळगुळीत, पातळ, मोशेच्या काळापासून चालत आलेला. राजाला वाटले, इतक्या थोर वाद्याला सोने शोभेल. त्याने तो मढविला, आणि त्याचा गोडवा गेला. मढण काढले, तेव्हा आवाज पूर्ववत झाला. तेथेच पितळेची एक झांज होती. ती बिघडली, तेव्हा आलेक्सांद्रियाहून कारागीर आणविले. त्यांनी ती दुरुस्त केली, पण नाद गोड राहिला नाही. दुरुस्ती काढून टाकली, तेव्हा पहिला नाद परत आला. राजाचा हेतू वाईट नव्हता, आणि कारागीरही अडाणी नव्हते. तरीही वाद्याला अधिक चांगले करण्याच्या भरात, ते ज्यासाठी होते तेच हरवले. ऋषींनी ही हकिकत जपून ठेवली, कारण हा मोह प्रत्येक पिढीला पडतो.

मग परिपूर्णतेचा ध्यास सर्वथा सोडून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. त्याची जागा मात्र ओळखावी. मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील शिकलगार घराण्याचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ते तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा कारागीर काम आरंभतो कशाने? पंढरपूर, मंगळवेढा या भागांतील शेतांत पिकलेल्या भोपळ्याने. कोणतेही दोन भोपळे सारखे नसतात. जो मिळाला त्याचा आकार, त्याची जाडी पाहून तो पुढचे माप ठरवितो. मिळालेल्या वस्तूचा स्वीकार हा त्याच्या कामाचा आरंभ आहे, आणि ध्यास त्यानंतर सुरू होतो. घोडीचा माथा कानसून तो जवारी काढतो, तारेखाली सुताचा धागा सरकवून नाद उघडा होईतो थांबतो. बरे, ती जवारी कायम टिकते का? नाही. तार घासून घोडी झिजते आणि काही काळाने जवारी पुन्हा काढावी लागते. म्हणजे परिपूर्णता ही दुकानातून एकदा विकत आणावयाची वस्तू नाही. ती राखावयाची असते.

हे आपल्या गावाला किती लागू पडते पाहा. येथे बाहेर समुद्राची दमट हवा, आणि आत वातानुकूलनाची कोरडी. लाकूड एका दिवसात दोन ऋतू भोगते. तबकडीला चीर जाते, मान वाकते, पेटीच्या खिळ्यांना व तारांना गंज चढतो. उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेल्या गिटारचा सरसही मऊ होतो. सर्वांत मोलाची गिटार आणून ती वातानुकूलन यंत्रासमोरच्या भिंतीवर टांगली, तर मोल व्यर्थ आहे. साधे वाद्य पेटाऱ्यात, खोलीच्या मध्यम हवेत, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखून ठेवले, तर ते अनेक वर्षे साथ देईल.

तेव्हा आपल्या मुलांसाठी मी रेषा आखतो ती अशी. गिटार स्वरात लावली की स्वरात राहिली पाहिजे. बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला आला पाहिजे. तारा इतक्या उंच नसाव्यात की कोवळी बोटे सोलून निघतील. लाकडाला चीर नसावी. पेटी असेल, तर भाता हवा धरतो की नाही, कोणतीही पट्टी दाबल्याविना वाजत नाही ना, आणि दोन सप्तकांतील षड्ज एकमेकांशी जुळतात की नाही, हे पाहावे. यांपैकी एकही गोष्ट उणी असेल, तर 'शिकाऊ आहे, चालेल' असे म्हणू नये. बेसूर वाद्य मुलाचा कान बिघडविते, आणि आपल्यालाच जमत नाही असे त्या बिचाऱ्याला वाटत राहते. या सर्व गोष्टी असतील, तर शोध तेथेच थांबवावा. उरलेले पैसे शिक्षकाला द्यावेत, आणि उरलेला वेळ रियाजाला.

आपल्या पूर्वजांनीही हेच केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायल मंडळींनी मराठी कीर्तनाचे माध्यम जवळ केले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांत रंगविली. आपल्या कथांसाठी नवी, निर्दोष कलाप्रणाली निर्माण होईपर्यंत ते थांबले नाहीत. शेजाऱ्यांच्या अंगणात जे रूप होते ते घेतले, आणि त्यात आपले सत्त्व ओतले. म्हणून त्या कथा आपल्यापर्यंत पोहोचल्या.

माझी विनंती एवढीच. ज्यांच्या घरी वाद्य आहे त्यांनी या आठवड्यात ते उघडून वरील कसोट्या लावाव्यात; दुरुस्ती हवी असेल तर करून घ्यावी. ज्यांच्या घरी नाही त्यांनी नुसत्या टाळ्यांवर आरंभ करावा. आणि प्रत्येक घरातील एका मुलाने आजीआजोबांकडून एक चाल पूर्ण शिकावी; ते मुंबईत असोत, ठाण्यात असोत वा अश्दोदमध्ये. आजींच्या गळ्यातला गंधार पेटीच्या गंधाराशी जुळणार नाही. अशा वेळी पेटी थांबवावी, आणि आजींचा ऐकावा.

शालोम.