सांधे धरले, म्हणजे नक्की काय झाले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्याकडे पाककृती किंवा गाण्यांचा कार्यक्रम असतो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी सांधेदुखीचे एवढे झाले, त्यावरच चार शब्द बोला." मी सातवी झालेली बाई. डॉक्टरकी सांगण्याचा मला अधिकार नाही. पण थोरल्या जाऊबाईंची सहा वर्षे उस्तवार केली, डॉक्टरांना प्रश्न विचारले, पुतण्याकडून पुस्तके वाचवून घेतली. त्यातून जे पक्के समजले तेवढेच सांगते.

आपल्याकडे सांधा दुखला की एकच शब्द निघतो, 'वात'. पण नाव एक आणि दुखणी अनेक आहेत. वय झाल्यावर गुडघा झिजतो, तो चालल्याने दुखतो आणि बसल्यावर बरा वाटतो. सकाळी आखडला तरी फार तर अर्ध्या तासात सुटतो. आमवाताचे तसे नाही. त्यात शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. घरचा राखणदारच घरावर काठी उगारतो म्हणा ना! दोन्ही हातांची बोटे सुजतात, सकाळी तासतास मूठ वळत नाही, विसाव्याने आराम पडत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना हा रोग दुपटी-तिपटीने होतो.

तिसरे दुखणे गाऊट. रक्तातील युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठतात आणि बहुधा पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद होतो. चौथे लहान मुलांचे. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो व दुखणे या सांध्यातून त्या सांध्यात फिरते. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. तिथे वर्षानुवर्षे पेनिसिलिनची इंजेक्शने घ्यावी लागतात. आणि २००६ साली चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा ताप उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्महिने दुखत होते, हे आपल्याला आठवतच असेल. या सगळ्यांना एकच तेल आणि एकच गोळी कशी चालेल?

आता पहिला वाद, तपासणीचा. 'रूमॅटॉइड फॅक्टर' ही रक्ताची तपासणी वालर यांनी १९४० मध्ये आणि रोझ यांनी १९४८ मध्ये पुढे आणली. पण शंभर आमवाती रोग्यांत वीस-तीस जणांच्या रक्तात तो सापडतच नाही. उलट काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांत तो सापडतो. पुढे निघालेली 'अँटी-सीसीपी' ही तपासणी अधिक भरवशाची, पण तीही सर्वांना पकडत नाही. म्हणून कागदावर विसंबावे की हातावर, हा प्रश्न डॉक्टरांतही आहे. १९८७ च्या नियमांत रोग मुरल्यावर दिसणाऱ्या खुणांना वजन होते. २०१० मध्ये अमेरिकेच्या व युरोपच्या तज्ज्ञांनी नवे नियम केले, की रोग लवकर सापडावा. त्यावरही काहींचा आक्षेप आहे की, आपोआप बरी होणारी माणसेही यात रोगी ठरतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

आमच्या जाऊबाईंचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला. "आमवात नाही, दगदग कमी करा," असे सांगून एका दवाखान्यातून परत पाठवले. घरात दगदग कमी करायची कोणी? आणि या रोगाचा खोडसाळपणा पाहा. सकाळी कणीक मळवत नाही, कुकरचे झाकण निघत नाही. दुपारी मात्र हात मोकळे होतात. मग घरचे म्हणतात, "कामाच्या वेळी बरे दुखते हिचे!" हे बोल जाऊबाईंनी दोन वर्षे ऐकले. बोटे दुखत होतीच, पण मन त्याहून अधिक दुखले. भगिनींनो, सकाळचे आखडणे हीच या रोगाची खूण आहे. ते आळसाचे लक्षण नव्हे.

दुसरा वाद स्टेरॉइडचा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. हेंच यांच्या ध्यानात आले होते की, गरोदरपणात पुष्कळ बायकांचा आमवात शमतो. बाळंतपणानंतर तो उसळतो, आणि आपण म्हणतो बाळंतिणीला गार वारे लागले! त्यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये एका रुग्ण बाईला कॉर्टिझोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण लवकरच दुसरी बाजू दिसली. चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे. आज जाणते डॉक्टर ते थोडे आणि थोडे दिवस देतात, नाइलाज असेल तरच अधिक. गुपचूप मिसळलेले मात्र घातकच. जाऊबाईंना कोणी एक पुडी आणून दिली. आठ दिवसांत दुखणे पळाले, सर्वांना आनंद झाला. तीन महिन्यांत तोंड गोल झाले आणि पुडी थांबताच अंथरुणावरून उठवेना. त्यात स्टेरॉइड असावे, असे पुढच्या डॉक्टरांचे मत पडले. ज्या पुडीवर आतल्या औषधाचे नाव नाही, ती घरात आणू नका.

तिसरा वाद, औषध जपून द्यावे की आधीच जोराचे द्यावे? पूर्वी साध्या वेदनाशामकाने सुरुवात करीत आणि सांधे बिघडल्यावर भारी औषध काढीत. पण सांध्याची नासाडी पहिल्या एक-दोन वर्षांतच होते असे दिसल्याने ती रीत आता मागे पडली. मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या मात्रेत कर्करोगावर देतात. लहान मात्रेत आमवातावर द्यायला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. नाव ऐकून घाबरू नका, पण सांभाळा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. रक्त व यकृत तपासत राहावे लागते, आणि मूल हवे असेल त्या मुलीने डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे.

राहिला आयुर्वेदाचा प्रश्न. 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. गंमत अशी की, संधिवातात वैद्य तेल सांगतात, तर सूज भरातली असताना आमवातात तेल वर्ज्य करून गरम वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगतात. आपण सरसकट तेल चोळतो, ते वैद्यकीलाही धरून नाही! २०११ मध्ये कोइमतूर येथील ४३ रोग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आयुर्वेदिक औषधे, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही मिळून, तिन्हींचा गुण साधारण सारखा दिसला. पण ४३ म्हणजे आपल्या सभेइतकीच माणसे. तेवढ्यावरून निकाल लागत नाही. शिकलेल्या वैद्यांकडे जरूर जा, फक्त दोघांपासून एकमेकांची औषधे लपवू नका.

जाऊबाईंची दोन बोटे वाकली ती वाकलीच. पण योग्य औषध लागू पडल्यापासून त्या पुन्हा पोळ्या लाटतात. दोन वर्षे आधी निदान झाले असते, तर बहुधा बोटेही वाचती.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. सांध्यांची सूज सहा आठवडे टिकली आणि सकाळी मूठ वळत नसेल, तर त्या भगिनीला संधिवाताच्या तज्ज्ञाकडे न्यावे. एकटी जात नसेल, तर आपल्यापैकी एकीने सोबत जावे. फंडातून रिक्षाचे भाडे द्यायला कोणाची हरकत नसावी.