घटस्फोट आणि मुलांचा ताबा : दावा कोठे, कसोटी कोणती

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखापासून वेगळा झाला; सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. नांदेड, लातूर, परभणीकडील मुली आजही हैदराबादेत नांदावयास जातात आणि हैदराबादच्या मराठी घरांतील मुली मराठवाड्यात दिल्या जातात. साहजिकच असा संसार मोडतो तेव्हा तो दोन राज्यांत मोडतो. पत्नी मुलाला घेऊन नांदेडला माहेरी येते, पती हैदराबादच्या बिऱ्हाडी राहतो, आणि मुलाचे नाव मात्र काचिगुड्याच्या एखाद्या शाळेच्या पटावर असते. अशा वेळी दावा कोठे लावावयाचा, याविषयी गैरसमज फार आहेत.

घटस्फोट आणि मुलाचा ताबा यांचे अर्ज वस्तुतः निरनिराळे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १९ प्रमाणे घटस्फोटाचा अर्ज लग्न लागले त्या ठिकाणी, प्रतिपक्ष राहतो तेथे, अथवा पतिपत्नी शेवटी एकत्र राहिली तेथे करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती स्वतः राहते तेथेही अर्ज करण्याची मुभा मिळाली. तेव्हा माहेरी आलेल्या स्त्रीने घटस्फोटासाठी हैदराबादला खेटे घालावेत असे नाही. त्याच कामात कलम २६ खाली मुलांच्या ताब्याचा हुकूमही मागता येतो. परंतु ताब्याचा स्वतंत्र अर्ज पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली करावयाचा झाल्यास तो अज्ञान मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयातच चालतो. हा अधिनियम सर्व धर्मीयांना लागू आहे.

‘सामान्यतः राहते’ या दोन शब्दांवर हैदराबादचेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मूळचे भारतीय असलेले एक दांपत्य अमेरिकेत स्थायिक होते. त्यांची दोन्ही मुले तेथेच जन्मली व वाढली. तेथील न्यायालयात वाद सुरू असताना आई २०१७ च्या मार्च महिन्यात मुलांना घेऊन हैदराबादेस आली आणि काही आठवड्यांतच तिने तेथील कौटुंबिक न्यायालयात ताब्यासाठी अर्ज केला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, इतक्या अल्प वास्तव्याने मुले हैदराबादची सामान्य रहिवासी ठरत नाहीत. मुलांना अमेरिकेस परत नेण्याचा आदेश झाला. अमेरिकेचे अंतर मोठे म्हणून प्रकरण गाजले, इतकेच. तत्त्व हैदराबाद आणि नांदेड यांमध्येही तेच लागू पडते. मूल उचलून आणल्याने न्यायालयाची हद्द बदलत नाही. मूल दीर्घकाळ माहेरी राहिले, तेथील शाळेत रुळले, तर गोष्ट निराळी. तो पुराव्याचा प्रश्न होय.

आता कसोटी. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चे कलम ६ नैसर्गिक पालक म्हणून प्रथम पित्याला व त्याच्यानंतर मातेला मानते. या ‘नंतर’चा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर असा लावला जाई. १९७० साली महाराष्ट्रातील एका शेतजमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने, वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहून मुलीकडे लक्ष न देणारा पिता हयात असूनही, मातेला नैसर्गिक पालक मानले. १९९९ च्या निकालाने ही भूमिका सर्वसाधारण झाली. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडेच राहावे, असे त्याच कलमात म्हटले आहे. या सर्वांवर कलम १३ आहे : मुलाचे कल्याण हीच सर्वोपरी बाब. पित्याचा पगार मोठा म्हणून ताबा त्याला मिळत नाही; पगारातून पोटगी द्यावयाची असते. मूल जाणते असेल तर न्यायाधीश त्याची इच्छाही विचारात घेतात. ताब्याचा हुकूम परिस्थितीनुसार बदलून घेता येतो, आणि ताबा न मिळालेल्या पालकाला भेटीचे दिवस मागता येतात.

खेड्यांत आजही पंचांसमोर फारकत लिहून घेतात आणि मुले कोणाकडे हेही त्याच कागदावर उरकतात. रूढीने होणारा घटस्फोट कायद्याने राखून ठेवला आहे खरा, पण तशी रूढी त्या जातीत असल्याचे सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे स्पष्ट केले. मुलांविषयीच्या मजकुराने तर न्यायालय बांधले जातच नाही. त्यापेक्षा परस्पर संमतीचा मार्ग बरा. १९७६ पासून तो कायद्यात आहे. त्यासाठी एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते, आणि अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ होऊ शकते, असे २०१७ साली ठरले आहे.

शिक्षकांचा संबंध येतो तो दाखल्यापाशी. आईबापांत वाद आहे हे ठाऊक असताना एकाच्याच सांगण्यावरून शाळा सोडल्याचा दाखला देऊन टाकणे म्हणजे नकळत त्या वादात पुरावा निर्माण करणे होय. न्यायालयाचा काही हुकूम आहे काय, हे मुख्याध्यापकांनी प्रथम विचारावे आणि असल्यास त्याची नक्कल दप्तरी ठेवावी. ग्रामसेवक व तलाठी यांनी पक्षकारांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठवावे. १९८७ च्या अधिनियमाप्रमाणे स्त्रिया व मुले यांना वकिलाचे साहाय्य विनामूल्य मिळते. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.