भाताच्या देशांतला फराळ



माटुंग्यासारख्या ठिकाणीं राहणाऱ्या माणसानें व्हिएतनाममधील फराळाच्या जिनसांविषयीं बोलावें, हें प्रथमदर्शनीं कांहींसें चमत्कारिक वाटेल. ज्या वस्तीची कीर्ति इडली, डोसा आणि फिल्टर कॉफी यांवर उभी आहे, तिला मेकाँग नदीच्या तीरावरील खाद्यांशीं काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत येईल. परंतु परक्याचा पदार्थ आपलासा कसा होतो हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यास माटुंग्याइतकी सोयीची शाळा दुसरी सांपडणें कठीण, असें मला वाटतें.

१८९६ सालच्या प्लेगनंतर, १८९८ मध्यें स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याची आखणी केली, आणि पुढें तेथें दक्षिणेकडील नोकरदार मंडळी बिऱ्हाड करून राहिली. १९३२ मध्यें साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४० मध्यें कॅफे मद्रास आणि १९४२ मध्यें ए. रामा नायक यांचें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झालें. त्या वेळीं डोसा हा मराठी घरांतून परकाच होता. आज आमच्या सुना-लेकी आठवड्यांतून एकदां तरी त्याचें पीठ वाटतात, आणि तो कोणाच्या प्रांताचा याची चौकशी कोणी करीत नाहीं.

आतां व्हिएतनामकडे वळूं. मीं शाळेंत भूगोल शिकविला असल्यामुळें प्रथम नकाशा आठवतो. उत्तरेस तांबडी नदी आणि दक्षिणेस मेकाँग. दोहोंच्या मुखाशीं त्रिभुज प्रदेश, आणि त्यांत दृष्टि पोहोंचेल तेथपर्यंत भातशेती. तेव्हां तेथील फराळहि तांदळाचाच असावा यांत नवल नाहीं. पिठाचे जे अनेक पदार्थ ते करतात, त्यांस ‘बान’ असें सामान्य नांव आहे.

त्यांपैकीं ‘बान सेओ’ हा आपणांस पाहतांक्षणींच ओळखीचा वाटेल. तांदळाच्या पिठांत हळद आणि बहुधा नारळाचें दूध घालून तें तापलेल्या तव्यावर ओततात. त्या वेळीं जो चर्र असा आवाज होतो, त्यावरूनच ‘सेओ’ हें नांव पडलें. कोंकणांतील घावनाचेंच हें भावंड म्हणा ना! मात्र आंत कोळंबी, डुकराचें मांस व मोड आलेले मूग भरतात. आणि खावयाचें तें तुकडा मोडून, हिरव्या पानांत पुदिन्यासारख्या सुवासिक पाल्यासह गुंडाळून. ‘बान खॉत’ हे आपल्या अप्प्यांसारखे असून खळग्यांच्या पात्रांतच शिजवितात. ह्वे शहराकडील ‘बान बेओ’ लहान वाट्यांतून वाफवितात, आणि वरून सुक्या कोळंबीचा चुरा घालतात. ‘बान कुऑन’साठीं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर फडकें ताणून बांधतात व त्यावर पातळ पीठ पसरतात, मग अलगद निघणाऱ्या त्या मऊ पापुद्र्यांत सारण भरतात.

हाच पापुद्रा बांबूच्या तट्ट्यावर उन्हांत वाळविला कीं तांदळाचा कागद होतो. आमच्याकडे उन्हाळ्यांत फेण्या घालणाऱ्या गृहिणीस ही कृति समजावून सांगावयास नको. या कागदापासून दोन प्रसिद्ध पदार्थ होतात. पहिला ‘गॉय कुऑन’, म्हणजे न तळलेली गुंडाळी. हींत कोळंबी, मांस, तांदळाच्या शेवया आणि ताजा पाला असतो, व ती शेंगदाण्याच्या दाट चटणींत बुडवून खातात. दुसरा ‘चा यॉ’, म्हणजे खिमा, काळी अळंबी आणि मुगाच्या सत्त्वाच्या शेवया भरून कुरकुरीत तळलेली गुंडाळी. तळलेल्या जिनसेसहि ते हिरव्या पानांत गुंडाळतात, त्यामुळें तेलकटपणा जाणवत नाहीं.

यांत मांसमच्छी फार, तेव्हां शाकाहारी माणसानें काय करावें? त्याचीहि सोय आहे. तेथील पुष्कळ बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं शाकाहार पाळतात, आणि अशा अन्नास ‘चाय’ म्हणतात. उच्चार थेट चहाच्या हिंदी नांवासारखा. हा एक शब्द ध्यानांत ठेवल्यास प्रवाशाची अर्धी अडचण दूर होईल. मात्र ‘न्युअक माम’ नांवाचा मासळीचा रस बहुतेक तोंडीलावण्यांत असतो, तेवढी विचारपूस अवश्य करावी.

या रसाविषयीं दोन शब्द अधिक बोलणें प्राप्त आहे. लहान मासळी आणि मीठ पिंपांत भरून कित्येक महिने मुरवितात, आणि निथळून आलेला रस वापरतात. त्याचा दर्प उग्र असतो, हें खरें. पण ज्या मुंबईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतात, तिनें नाकाला पदर लावावा काय? आपण काय खावें व काय खाऊं नये, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि प्रकृतीचा प्रश्न आहे. मी स्वतः शाकाहारी आहें आणि तसाच राहणार. परंतु माझा नियम माझ्या ताटापुरता आहे. शेजाऱ्याच्या ताटाचा तिरस्कार करण्याचा परवाना त्यानें मला मिळत नाहीं. खाण्यापिण्याची चौकशी करून भाडेकरूस जागा नाकारणारीं घरें या शहरांत आजहि आहेत. दुसऱ्याच्या अन्नाला नांवें ठेवण्याची संवय स्वयंपाकघरांत लागते, आणि तिचा शेवट असा उंबरठ्यावर होतो, म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाहीं.

याच्या उलट दुसरा एक मोह आहे, तोहि टाळावा. मध्य व्हिएतनाममध्यें मी सोन येथें चंपाच्या राजांनीं बांधलेलीं शिवमंदिरें आहेत. चवथ्या शतकांत भद्रवर्मा राजानें तेथें भद्रेश्वराची स्थापना केली, आणि १९९९ मध्यें युनेस्कोनें तें स्थळ जागतिक वारशांत घेतलें. तेवढ्यावरून त्यांचें बान सेओ म्हणजे आमचेंच घावन, असें म्हणण्यास आपण उतावीळ होतों. जेथें भात आणि नारळ आहे, तेथें माणसाची बुद्धि स्वतंत्रपणें त्याच वाटेनें जाऊं शकते. शिवाय ज्या मिरचीवांचून आमचें जेवण अडतें ती, आणि भुईमूग व बटाटा हे मूळचे अमेरिका खंडांतले. फ्रेंचांच्या पावाचा त्यांनीं ‘बान मी’ केला, आम्हीं पोर्तुगीजांच्या पावांत वडा घातला. ज्याच्या त्याच्या कर्तबगारीचें श्रेय ज्याला त्याला द्यावें, हें उत्तम.

गृहिणींसाठीं एक सोपी कृति सांगतों. तांदळाचा कागद हल्लीं मोठ्या दुकानांतून मिळतो. तो क्षणभर पाण्यांत बुडवून ताटलीवर पसरावा. फार भिजविल्यास फाटतो. त्यावर सॅलडचें पान, काकडी व गाजराचे लांब काप, पुदिना, कोथिंबीर, पनीरचा तुकडा आणि उकडलेल्या तांदळाच्या शेवया ठेवाव्या. शिरवाळे करतां येत असल्यास तेच घ्यावे. दोन्ही बाजू दुमडून घट्ट गुंडाळावें. भाजलेले शेंगदाणे, गूळ, लिंबू, हिरवी मिरची व मीठ वाटून, थोडें पाणी घालून चटणी करावी. चूल लागते ती केवळ शेवयांपुरती.

मुंबईहून त्या देशास आतां थेट विमानें जातात. पुष्कळ घरांतलीं मुलें तेथें जाऊन येतात आणि मोठ्या हौसेनें असें कांहीं करून वडील माणसांपुढें ठेवतात. ‘आमच्यांत हें चालत नाहीं’ असें म्हणून ताटली दूर सारण्यापूर्वीं, त्यांत काय आहे एवढें तरी विचारावें. चालण्यासारखें असेल तर एक घांस घ्यावा. नसेल तर जवळ बसून, तें कसें करतात याची हकीकत मुलांकडून ऐकून घ्यावी.