पिवळी पट्टी किती दिवस?

आज थेट आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊया.

गेल्या वर्षी तिथल्या एका खोलीत खून झाला. पोलिसांनी अख्खा पॅसेज पिवळी पट्टी लावून बंद केला. पॅसेजच्या टोकाला काकूंची खोली. काकू ब्लाउज शिवतात. मशीन आत, लग्नाचे चौदा ब्लाउज आत, आणि काकू जिन्यात! मी हिरोगिरी करत पट्टी उचलली. हवालदार ओरडले, "अरे, तुझ्या चपलेचा ठसा आम्ही खुनी म्हणून शोधत बसू!"

खरं सांगू? त्यांचं बरोबर होतं. डाग, केस, ठसा एकदा तुडवला गेला की गेला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) म्हणतं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, त्याचं चित्रणही करायचं. तोवर जागा जशीच्या तशी नको का?

पण पट्टी किती दिवस, कुणाच्या सहीनं? संहितेत शोधलं, तसं कलमच नाही. आधार मिळतो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये. कलम ६८: पोलिसांनी कर्तव्य बजावताना दिलेल्या वाजवी सूचना पाळायच्याच. कलम ६९: न पाळणाऱ्याला अडवता, हटवता येतं. शिवाय मुद्दाम अडथळा आणलात तर न्याय संहितेचं कलम २२१, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा रीलसाठी पट्टीखालून घुसू नका रे बाबांनो.

माझं बोट मात्र 'वाजवी' या शब्दावर अडकलं. पहिल्या दिवशी वाजवी असलेली पट्टी पंचनामा आटोपल्यावरही वाजवीच का? ब्रिटनमध्ये दहशतवादाच्या तपासापुरतं हे चोख लिहिलंय, २००० सालच्या कायद्यात. आदेश साधारणपणे सुपरिंटेंडंट किंवा वरच्या अधिकाऱ्याचा, तोंडी दिला तर नंतर लेखी, आधी जास्तीत जास्त १४ दिवस, वाढवून एकूण २८. आपल्याकडे काकूंना विचारायलासुद्धा आकडा नाही.

मग चौथ्या दिवशी आम्ही साधा अर्ज लिहिला. पंचनामा झाला असल्यास पोलिसांच्या देखत मशीन आणि कपडे बाहेर काढू द्यावेत, आणि पॅसेज कधी खुला होईल ते कळवावं. ठाण्यात दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच मागितल्यावर साहेबांनी पहिल्यांदा कागद वाचला, हे माझं निरीक्षण!

संध्याकाळी तेच हवालदार मशीन उचलायला मदतीला आले. तारीख मात्र कुणी सांगितली नाही. काकू रात्रभर जिन्याखालच्या दिव्यात शिवत बसल्या.