संकोचापायी सोसणे थांबावे

(वाशीम जिल्ह्यातील महिलांसमोर रजोनिवृत्तीनंतरच्या आरोग्याविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आश्विन-कार्तिक म्हणजे वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीचे आणि कपाशीच्या वेचणीचे दिवस. पहाटे घरचे सारे आटोपून शेतात गेलेली स्त्री दिवस मावळताना परतते. रानात आडोसा नसतो. म्हणून ती पाणी बेताने पिते आणि लघवी रोखून धरते. तिचे वय पंचेचाळीस-पन्नासचे असेल, तर याच्या जोडीला आणखीही काही असते. योनिमार्गातील कोरडेपणा, खाज, आग, वारंवार उन्हाळी लागणे, पतीच्या सहवासात होणारी वेदना. यांपैकी एकही गोष्ट ती घरात बोलत नाही. शहरातील नोकरदार स्त्रीची स्थितीही फारशी वेगळी नाही. ‘वयच झाले आता’ एवढ्या तीन शब्दांत विषय मिटतो. वास्तविक यांतील बहुतेक त्रास साध्या उपचारांनी आटोक्यात येणारे आहेत.

पाळी थांबणे हा रोग नव्हे. सुश्रुतसंहितेने रजोदर्शनाचे वय बारा आणि निवृत्तीचे वय पन्नास असे सांगितले आहे. आजच्या वैद्यकशास्त्रानुसार सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली. भारतीय स्त्रियांमध्ये ही वेळ सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य उरते. आयुष्याचा एवढा मोठा भाग कण्हत काढावा, असे कोणत्याच शास्त्राने सांगितलेले नाही.

संकोचाची ही गोष्ट जुनी आहे. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण केले होते. हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करण्यास संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टरांची आवश्यकता आहे, हे त्यांनी त्या वेळी मांडले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. आज स्त्री डॉक्टर तालुक्याच्या गावीही आहेत. वाशीम येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. दवाखाना जवळ आला. संकोच मात्र पूर्वीच्याच जागी आहे.

या त्रासांचे कारण समजून घेतले म्हणजे भीती ओसरते. बीजकोशातून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक योनिमार्गाची त्वचा जाड, लवचीक आणि ओलसर ठेवते. त्याच्याच आधाराने तेथे उपकारक जिवाणू वाढतात आणि आम्लता टिकवून अपायकारक जंतूंना दूर ठेवतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते, त्वचा पातळ होते, ओलावा व आम्लता कमी होते. मूत्रमार्गाच्या अस्तरावरही हाच परिणाम होतो. म्हणून लघवीची जळजळ आणि घाई वाढते. येथे एक भेद ध्यानी ठेवावा. अंगातून गरम वाफा येणे, घाम फुटणे हे त्रास बहुधा काही वर्षांत आपोआप ओसरतात. कोरडेपणा मात्र तसा ओसरत नाही. उपचार न केल्यास तो वाढतच जातो. म्हणून ‘काही दिवसांनी बरे होईल’ म्हणत वाट पाहण्यात अर्थ नाही.

घरी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे अतिस्वच्छता टाळावी. योनिमार्ग आतून धुऊ नये. बाहेरील भागालाही साबण, जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी द्रव्ये लावू नयेत. साधे अथवा कोमट पाणी पुरते. पुसताना पुढून मागे पुसावे. अंतर्वस्त्रे सुती, सैल आणि उन्हात वाळवलेली असावीत. घामाने भिजलेली बदलावीत. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे, लघवी रोखू नये. वेचणीला गेलेल्या स्त्रियांनी मिळून शेताच्या कडेला जुन्या साडीचा आडोसा केला, तर हा प्रश्न एका दिवसात सुटू शकतो. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते लघवी करताना नव्हे तर एरवी बसल्या जागी आवळून पाच-दहा सेकंदांनी सैल सोडावेत. दिवसातून तीन वेळा दहा-दहा आवर्तने काही महिने नियमाने केली, की खोकताना-शिंकताना लघवी गळणे कमी होते.

कोरडेपणासाठी ओलावा देणारी मलमे आणि सहवासाच्या वेळी लावायची पाण्यात विरघळणारी वंगणे औषधांच्या दुकानात मिळतात. तेवढ्याने भागले नाही, तर डॉक्टर इस्ट्रोजेनयुक्त मलम देतात. ते साधारणतः पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा योनिमार्गात लावावयाचे असते. त्याची मात्रा अल्प असून रक्तात ते फारच थोडे उतरते. गुण येण्यास काही आठवडे लागतात. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांनी मात्र तज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

काही लक्षणे घरी ठेवण्याजोगी नाहीत. पाळी थांबून वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ती ‘परत आलेली पाळी’ समजू नये. अशा दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो; वेळेवर सोनोग्राफी व अस्तराची तपासणी झाली, तर तो बरा होऊ शकतो. दुर्गंधीयुक्त स्राव, न जाणारी खाज, अंग बाहेर येणे यांसाठीही दवाखाना गाठावा. खाजेच्या मुळाशी कधी कधी मधुमेह असतो. म्हणून रक्तातील साखर तपासावी. शासनाच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद आहे. गावातील आशाताईंना विचारले, तर तिची माहिती मिळते.

आणखी एक इशारा द्यायलाच हवा. ‘कटकट नको, पिशवीच काढून टाका’ हा सल्ला खेड्यापाड्यांत सहज दिला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न राज्यापुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली राज्यांना निर्देश दिले. गर्भाशय काढल्याने कोरडेपणा वा जळजळ जात नाही. उलट सोबत बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एकाएकी बंद होऊन हेच त्रास तरुण वयात आणि अधिक तीव्रतेने येतात, हाडेही लवकर ठिसूळ होतात. काही आजारांत ही शस्त्रक्रिया अपरिहार्य असते; परंतु तातडीची वेळ नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

शेवटी घरातील पुरुषांविषयी. पत्नी सहवास टाळू लागली, याचा अर्थ तिची माया आटली असा नसतो. तिला वेदना होत असतात. ही गोष्ट पतीला कळली, तर अनेक घरांतील अबोला संपेल. त्याने रागावण्याऐवजी तिच्यासोबत दवाखान्यात जावे. मुलाने आईच्या औषधाचा खर्च घरखर्चात धरावा. सुनेने सासूला हलकेच विचारावे, ‘आई, काही त्रास आहे का?’ कुटुंब एकत्र राहते ते अशाच विचारपुशीवर. जन्मभर घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याला जी उशाशी बसली, तिचे दुखणे विचारणे हे घराचे कर्तव्य आहे; आणि ते विनासंकोच सांगणे हा तिचा अधिकार आहे.