सर शिकवतच नाहीत!

लोकलमध्ये उभे असाल, पीएमपीची वाट बघत असाल किंवा डेस्कवर बसून काम चालू असल्याचं दाखवत असाल, तरी हरकत नाही, हेडफोन नीट लावा. आजचा विषय वर्गातला आहे, पण फी, निकाल, अ‍ॅडमिशन यातलं काही नाही. शिक्षकाच्या डोक्यात एक समजूत असते, की वर्गात माझं काम काय आणि पोरांचं काम काय. तिच्याबद्दल बोलायचंय. आणि तीच समजूत पोरांच्या डोक्यातही कशी पक्की बसलेली असते, त्याबद्दल जरा जास्तच.

बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवायला एक सर होते. नाव, कॉलेज काही सांगत नाही. सर वर्गात आले की फळ्याकडे जायचेच नाहीत. एक प्रश्न टाकायचे. "रेल्वेच्या वेटिंग लिस्टला क्यू वापरली. आता मधल्याच माणसानं तिकीट रद्द केलं. काय करशील?" आणि गप्प. आम्ही सगळे वहीत बघतोय. सर थांबलेत. मग कुणीतरी काहीतरी पुटपुटायचं. त्याला बरोबर किंवा चूक काहीच न म्हणता सर दुसऱ्याकडे वळायचे, "हा असं म्हणतोय, तुला पटतंय का?"

पाच-सहा आठवडे हे चाललं. मग वर्गातले काही जण एचओडींकडे तक्रार घेऊन गेले. सर शिकवतच नाहीत. नोट्स देत नाहीत. पोर्शन मागे पडलाय. केबिनमध्ये काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण पुढच्या सोमवारी सर पेन ड्राइव्ह घेऊन आले, पीपीटी लावली आणि स्लाइड वाचायला सुरुवात केली. वर्ग खूश!

या तक्रारीतला शब्द बघा. "शिकवत नाहीत." म्हणजे शिकवणं म्हणजे सांगणं आणि शिकणं म्हणजे उतरवून घेणं, हा करार आधीच झालेला होता. सरांनी तो मोडला, म्हणून दुसऱ्या पार्टीनं नोटीस पाठवली.

हा करार होतो कधी? डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं 'स्कूलटीचर' हे पुस्तक १९७५ साली आलं. त्यात तो एक साधी गोष्ट दाखवतो. डॉक्टर होणाऱ्यानं लहानपणापासून रोज ऑपरेशन बघितलेलं नसतं. वकील होणाऱ्यानं रोज कोर्ट बघितलेलं नसतं. पण शिक्षक होणाऱ्या माणसानं शिक्षकाचं काम रोज बाकावर बसून बघितलेलं असतं. शाळा संपेपर्यंत साधारण १३,००० तास, असा त्याचा हिशेब आहे. त्यानं याला एक प्रकारची उमेदवारीच म्हटलंय, बघून-बघून झालेली. यात गंमत अशी, की बाकावरून फक्त समोरचं दिसतं. बाई बोलतात, लिहितात, रागावतात. आदल्या रात्री त्यांनी काय विचार केला, एखाद्या पोराला मुद्दाम प्रश्न का विचारला नाही, हे बाकावरून दिसत नाही.

मग दोन वर्षांचं डीएड किंवा बीएड येतं. १३,००० तासांसमोर दोन वर्षं! आपल्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोड आहे. कुणी लिहिला माहीत नाही, डॉक्युमेंटेशन नाही, पण प्रॉडक्शनवर तोच चालू आहे. वरून कितीही नवीन फीचर टाका, आतून तोच रन होतो.

माझी आत्या सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वीसेक वर्षं झाली. हा विषय काढला तेव्हा ती आधी हसली. म्हणाली, "अरे, आमचं नाव किती वेळा बदललं माहितीये का? आधी गुरुजी-बाई, मग शिक्षक, मग सुलभक. पगाराच्या स्लिपवर मात्र शिक्षकच."

सुलभक हा शब्द कुठून आला, ते थोडक्यात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात म्हटलं, की मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, शिक्षकानं त्याला मदत करायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तर कलम २९ मध्येच लिहिलंय, की शिकणं कृतीतून, शोधातून व्हावं, मुलाला भीती वाटू नये, त्याला मोकळेपणी मत मांडता यावं. म्हणजे कागदावर आपल्या वर्गात पोरगं मोकळेपणी बोलतं, हा कायदा आहे.

पुढे महाराष्ट्रात 'ज्ञानरचनावाद' हा शब्द गावोगाव पोचला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. फरशीवर आखलेल्या आकृत्या, मणी, काड्या, आणि मुलांबरोबर खाली बसलेले शिक्षक. ते बघायला राज्यभरातून शिक्षक तिथं जायचे. आत्याही जाऊन आली होती. तिला ते मनापासून आवडलं. पण नंतर आजूबाजूला जे झालं त्याबद्दल ती जे बोलली, ते मी तसंच सांगतो: "पुष्कळ ठिकाणी फरशी रंगली रे, आणि त्या फरशीवर उभं राहून आम्ही पूर्वीसारखंच बोलत राहिलो." आणि ट्रेनिंग? "सहा तास खुर्चीवर बसवून आम्हाला सांगितलं, की मुलांना नुसतं बसवून सांगत जाऊ नका."

आता शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे, आणि मला तो धंदा करायचा नाही. दोन शिक्षकी शाळेत एका बाईंकडे एका वेळी दोन-दोन वर्ग असतात. वर निवडणुकीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, आणि "आत्ताच्या आत्ता ऑनलाइन माहिती भरा" असा मेसेज. शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी भारतातल्या शिक्षकाला 'दीन हुकूमशहा' अशा अर्थाचं नाव दिलंय. काय शिकवायचं, कुठलं पुस्तक, कुठली परीक्षा, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. ते वरचे ठरवतात, आणि याची मुळं इंग्रजांच्या काळातल्या व्यवस्थेत आहेत, असं ते म्हणतात. वर्गाबाहेर तो सगळ्यांपुढे दीन, वर्गात मात्र त्याचाच हुकूम. ज्याला स्वतःला कुणी काही विचारत नाही, त्याला आपण सांगतो की पोरांना विचारत जा.

आणि हे मुलांना विचारण्याचं खूळ बाहेरून आलंय, असं कुणी म्हणालं तर त्याला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल वाचायला सांगा. कोसबाडला आदिवासी पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! मूल जिथं आहे तिथं शिक्षकानं जायचं, हे त्यांना कुठल्या जीआरनं सांगितलं नव्हतं.

बरं, आता एक प्रयोग करू. मी तुम्हाला प्रश्न विचारतो आणि थांबतो. पाण्यात टाकलेला बर्फ वितळला तर ग्लासातली पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील?

(शांतता)

हे तीन सेकंद होते. तुम्हाला वाटलं असेल नेट गेलं. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या आसपास वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नाहीत. मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. टाइमआउटची व्हॅल्यू बदलली, बाकी कोडला हात लावला नाही! पण ती व्हॅल्यू बदलणं अवघड जातं, कारण वर्गात शांतता झाली की आपण काम करत नाही आहोत असं शिक्षकाला वाटतं. बोलणं हेच माझं काम, ही समजूत ती शांतता सहन करू देत नाही. (पातळी तेवढीच राहते. कमेंटमध्ये भांडू नका.)

आणि पोरांनाही ती सहन होत नाही. २०१९ साली हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मजकूर तोच, पण काही विद्यार्थ्यांना छान गुळगुळीत लेक्चर, आणि काहींना स्वतः गटात बसून गणितं सोडवायला लावलेली. टेस्टमध्ये दुसऱ्या गटाला जास्त आलं. पण "किती शिकलात असं वाटतं?" या प्रश्नावर त्यांनीच कमी सांगितलं. डोकं लावलं की दमायला होतं, आणि दमलो म्हणजे समजलं नाही, असं वाटतं. लेक्चर ऐकताना सगळं पटत जातं, यूट्यूब ट्यूटोरियलसारखं, व्हिडिओ बंद करून एडिटर उघडेपर्यंत. संशोधकांनी उपायही सांगितला: टर्मच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्यांना हे सरळ सांगा, की असं वाटणार आहे. माझ्या मते आमच्या सरांच्या बाबतीत एवढंच राहिलं. त्यांनी स्वतःची भूमिका बदलली, पण आमची बदलली आहे हे आम्हाला कुणी कळवलंच नाही.

ऑफिसमध्ये मी सध्या दोन फ्रेशर्सना केटी देतो. "काही डाउट?" म्हटलं की कॉलवर शांतता. पाच मिनिटांनी चॅटवर पर्सनल मेसेज, "सर, एक विचारू का?" यातला "सर" मी अजून काढू शकलेलो नाही. पोरं हुशार आहेत. पण सोळा वर्षं चुकीच्या उत्तरावर हशा ऐकलाय, त्यामुळे एक जण दोन दिवस एकाच एररवर अडकून बसतो, पण चारचौघांत विचारत नाही. वर्गातला करार नोकरीपर्यंत सोबत येतो तो असा.

मग समजूत बदलते कशानं? थॉमस गस्की यांनी १९८६ साली मांडलेलं मला सगळ्यात पटतं. आपण धरून चालतो, की आधी ट्रेनिंगनं शिक्षकाचं मत बदलेल आणि मग वर्ग बदलेल. ते म्हणतात क्रम उलटा आहे. शिक्षक आधी काहीतरी वेगळं करून बघतो, पोरांना जमलेलं त्याला दिसतं, आणि मत त्यानंतर बदलतं.

आत्याचं तेच झालं. दुसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी, त्रेचाळीस वजा सात. एका मुलाला काही केल्या कळेना. आत्याला तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं, म्हणून तिनं शेजारच्या मुलीला सांगितलं, तू सांग याला. मुलीची आई आठवडी बाजारात भाजी विकते. आत्या परत आली तर ती पोरगी त्याला सांगत होती, "सात द्यायचेत न् तुझ्याकडं सुटे तीनच. मग काय करशील? दहाची एक नोट मोडून आण की!" पोराच्या पाटीवर छत्तीस.

"मी इतकी वर्षं 'तीनातून सात जात नाहीत, शेजारून दशक घ्या' म्हणत होते," आत्या म्हणाली. "मोड आण, हे मला सुचलं नव्हतं." तेव्हापासून ती रोज शेवटची वीस मिनिटं खडू मुलांकडे देते. एका पालकानं येऊन विचारलंसुद्धा, "बाई, तुम्ही नाही का शिकवत?" तिनं त्यांनाच वर्गात बसवून घेतलं.

तर मंडळी, तुमच्या शाळा-कॉलेजात असे न शिकवणारे कुणी सर किंवा बाई होत्या का? वर्गानं त्यांचं काय केलं? एका मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा, नावं घेऊ नका. आणि शिक्षक ऐकत असतील तर त्यांची दोन मिनिटांचीही चालेल. पुढच्या भागात आत्या स्वतः माइकवर येते म्हणालीये. बघू, मला बोलायला मिळतंय का.